भाऊबीजेला शाळा!

आता माझी फजिती ऐकायचीच असेल, तर आधी हातातला कप खाली ठेवा. चहा नाकातनं यायचा!

आमची ईश्वरी दुसरीत. शाळा कोल्हापुरात, घर उचगावात. मी एका पतसंस्थेत क्लार्क, आणि आमचे हे फाउंड्रीत. त्यांची पाळी कधी बदलेल ते त्यांनाही ठाऊक नसतं. पण फाउंड्री परवडली हो! शाळेइतकं धरसोडीचं खातं दुसरं नाही. जूनमध्ये सुट्ट्यांचा कागद हातात देतात आणि जुलैपासून स्वतःच मोडायला लागतात. आज क्रीडा स्पर्धा म्हणून अर्धी शाळा, उद्या शिक्षकांचं प्रशिक्षण म्हणून सगळीच बंद. मग पोरीला ठेवायचं कुठं? ते तुमचं तुम्ही बघा!

घरी एकटी ठेवा म्हणता? मागच्या खेपेला घटकाभर ठेवली, तर तिनं शेजारणीच्या मांजराला हळद लावून नवरी केली. ते मांजर अजून आमच्या दाराशी फिरकत नाही.

रजा घेता घेता माझ्या रजा संपल्या. शेवटी चेअरमनसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"बाई, दिवाळीपतूर आणि एक रजा मागितलासा, तर थेट चंदगड शाखा!"

चंदगड! गाव चांगलं, काजू तर फारच चांगले. पण नवरा फाउंड्रीत, पोरगी दुसरीत आणि मी जन्मभर एसटीच्या खिडकीत? संसाराचं काय? मी कानाला खडा लावला. मेले तरी दिवाळीआधी रजा मागायची नाही.

आणि बरोब्बर त्याच संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला. रंगकामामुळे यंदा दिवाळीची सुट्टी आठवडाभर आधी सुरू होईल आणि भाऊबीजेला शाळा भरेल. खाली जोडलेले हात, आणि त्याच्याखाली 'पालकांनी पाल्यासोबत दर्जेदार वेळ घालवावा.'

दर्जेदार वेळ! अहो, त्या आठवड्यात आमच्या काउंटरवर ठेवीदारांची अशी झुंबड असते की पाणी प्यायला उसंत नाही. भिंतींची दिवाळी आणि आमचं दिवाळं!

मी तिथल्या तिथं लिहिलं, 'कुठल्या दीडशहाण्याच्या डोक्यातनं ही अक्कल निघाली?'

पटापट अंगठे आले. अंगठे आले की मला चेव येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी शाळेत धडकायचं ठरलं.

"ताई, बोलायचं तुमीच. आमचा आवाज कुठं लागतोय?" गडमुडशिंगीहून आलेली आरोहीची मम्मी म्हणाली. झाले मी पुढारी!

मोठ्या बाईंच्या ऑफिसात आम्ही घुसलो. त्या 'बसा' म्हणाल्या. बसतंय कोण?

"भाऊबीजेला शाळा? पोरींनी भावाला ओवाळायचं का तुमाला?" मी तोंड सोडलं. "ज्यानं कुणी ह्याला मान्यता दिली, त्याचं नाव सांगा! समदी पोरं नेऊन त्याच्या दारात सोडतो. घालव म्हणतो आता दर्जेदार वेळ!"

(आम्ही कोल्हापूरच्या बायका 'सोडतो'च म्हणतो. रागाचा त्यात काही संबंध नाही.)

"व्हय व्हय! सोडायचीच की!" मागनं सगळे गरजले.

मोठ्या बाई शांतपणे चष्मा पुसत होत्या. त्या शांतपणाचाच मला जास्त संताप आला.

"नाव सांगू म्हणता?"

"सांगा की! भिताय काय?"

"अहो ताई, तुम्हीच की."

"मी?"

"पावसाळ्यातल्या पालकसभेत मी नुसतं 'विषय क्रमांक पाच, दिवाळीची सुट्टी' एवढंच म्हणाले. पुढचं वाचायच्या आत तुम्ही उठून हात वर केलात आणि ओरडलात, मंजूर! मंजूर! मग सगळेच ओरडले. म्हटलं, पालक एवढे खूश आहेत तर आपण कशाला मोडता घाला?"

खरं होतं हो!

त्याचं काय आहे, आमच्या पतसंस्थेची वार्षिक सभा म्हणजे नुसता आरडाओरडा. चेअरमनसाहेब 'विषय क्रमांक' म्हणाले, की विरोधकांनी तोंड उघडायच्या आत आम्ही नोकरमंडळींनी 'मंजूर' ओरडायचं. पहिली हाळी माझी. विषय काय आहे हे ऐकतो कोण? आणि त्या पालकसभेत मी मान खाली घालून मोबाईलवर साड्या बघत बसले होते. कानावर 'विषय क्रमांक' पडलं आणि घशानं आपलं काम केलं!

हे बाकीचे दीडशहाणेही ओरडलेच होते की. पण आता सगळ्यांची तोंडं माझ्याकडं! आरोहीची मम्मी तर कधी नव्हे ती गोड आवाजात म्हणाली, "मग ताई, पोरं किती वाजता आणून सोडू?"

ती गंमत करत होती, असं वाटलं ना? मलाही वाटलं. सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यात आरोही, तिचा धाकटा भाऊ आणि मागं डबे-बाटल्या घेऊन अर्धी दुसरी उभी! आया केव्हाच पसार. ईश्वरी नाचत स्वयंपाकघरात पळाली, ती हळदीचा डबा शोधायला.

आता रजेवाचून सुटका होती का? चेअरमनसाहेबांना फोन लावला.

"कशापायी पायजे रजा?"

एकही थाप सुचेना. सगळं खरं खरं सांगून टाकलं, मंजूरसकट. माणूस असा हसला, असा हसला, की त्याला ठसका लागला.

"घ्या रजा. समदा आठवडा घ्या."

"आणि साहेब... चंदगड?"

आता बघा, इतकी वर्षं मी त्या काउंटरवर बसते. हिशेब कधी चुकला नाही. म्हातारे ठेवीदार रांग सोडून माझीच खिडकी शोधत येतात. साहेबांना माझी किंमत कळलेली दिसते, असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"छे छे! बाई, तुमाला चंदगडला धाडल्यावर सभेत वरडायचं कुणी?"