कोकरू कुणाचं, ते दादाला आठवेना

मी घर सोडलं तेव्हा आमचा तळ आळे गावाच्या शिवारात, एका कांदेवाल्याच्या मोकळ्या रानात होता. मेंढरं त्याच्या रानात बसायची, त्याला खत मिळायचं, आम्हाला ज्वारी. तसं घर राजुरीला होतं, पण दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून आम्ही बाहेर पडायचो. मला भोसरीच्या कंपनीत काम लागलं होतं. आईनं भाकरी बांधून दिल्या. आप्पा म्हणाले, "कंपनीत दुसरा मालक आसतो, बाळू. हितं तूच मालक हाईस." माझा थोरला भाऊ सोपानदादा मेंढरांच्या जाळीपाशी उभा होता. त्यानं विचारलं, "कुठं निगालास?"

आदल्या दिवशी त्याच्यासमोरच सगळं ठरलं होतं. सकाळी चहा पितानाही तेच बोलणं झालं होतं. मला वाटलं, दादा टोमणा मारतोय. उत्तर न देता मी फाट्याकडे चालू लागलो.

भावकीतले जे माझ्यामागून भोसरीला, चाकणला, काही तर परदेशात गेलात, आणि जे राजुरीतच राहिलात, त्या सगळ्यांना मी यापुढची हकीकत पुष्कळदा सांगितली आहे. ती चुकीची होती. खरी आज लिहितो.

आमच्याकडे मेंढ्या चरून आल्या की कोकरं सोडतात. मोठी कोकरं आपली आई आपण शोधतात. नुकत्या जन्मलेल्यांना मात्र हातानं नेऊन आईला लावावं लागतं, कारण परक्या कोकराला मेंढी ढुशी मारते. हे काम दादाचं. अंधार पडला तरी कोकराच्या नुसत्या आवाजावरून ते कुणाचं, हे तो सांगायचा. लांबलांबचे मेंढकेही त्याचं नाव काढायचे.

मी घर सोडलं त्याच वर्षी पावसाळ्यात त्याची चार वर्षांची मुलगी ठकी तापानं गेली. दादा रडला नाही. जेवण तुटलं, झोप तुटली, बोलणं तुटलं. मनाला लावून घेतलंय, एवढंच सगळे म्हणायचे. मग व्यायचा हंगाम आला, आणि त्याच्या हातून कोकरं चुकायला लागली. हिचं तिला, तिचं हिला. काही कोकरं उपाशी मेली.

पुढे मी सुट्टीवर आलो तेव्हा आप्पांना सांगितलं, "दादा मुद्दाम करतोय. कोकरं मेली म्हणजे मला माघारी यावं लागंल, आसा त्याचा डाव हाय." माझं म्हणणं कुणालाही पटावं असंच होतं. जो माणूस अंधारात कोकरू ओळखतो, तो उजेडात विसरेल कसा? आप्पांना ते पटलं. त्यांनी कळप विकला. दादा लोकांच्या कांद्यात रोजानं जाऊ लागला, आणि भावकीत कुणी त्याला मेंढराला हात लावू देईना. मी मात्र शिफ्ट, ओव्हरटाईम करत वर चढलो, सोसायटीत फ्लॅट घेतला. कॅन्टीनमध्ये, लग्नाकार्यात भावानं कळप कसा बुडवला ते सांगत राहिलो. सांगून सांगून ते माझ्या तोंडात चांगलं बसलं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी बायको वारली, आणि माझं तेच झालं. गॅस चालू राहायचा. लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरायचो. मुलगा एक गोष्ट सांगायचा आणि थोड्या वेळानं तीच मी त्याला विचारायचो. तो मला मनोविकाराच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. त्या म्हणाल्या, बायकोबरोबरचा एखादा चांगला दिवस सांगा. मी म्हणालो, सगळेच चांगले होते. एक सांगा, त्या म्हणाल्या. मला एकही दिवस आठवेना. इतका संसार करून बायको नुसती "चांगली होती" एवढीच उरली होती.

हे नैराश्य आहे म्हणाल्या, आणि समजावून सांगितलं ते असं. ताण आला की शरीर कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक सोडतं. संकटाला तोंड द्यायला ते लागतंच. पण नैराश्य आलेल्या बऱ्याच माणसांत ते फार काळ चढं राहतं. आठवणी साठवायचं आणि शोधून काढायचं काम मेंदूच्या ज्या भागाकडे असतं, त्याला ते जाचतं. मग नवं बोलणं मनात टिकत नाही, आणि जुन्यातली नेमकी गोष्ट हाताला लागत नाही. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, कारणही एकच नसतं, आणि उपचारानं बऱ्याच जणांना फरक पडतो. शेवटी म्हणाल्या, "काका, हे कुणी मुद्दाम करत नाही."

गोळ्या लागू पडल्या, झोप आली, आणि हळूहळू एकेक दिवस परत यायला लागला. बायकोचे आले. त्यातच एक दादाचाही आला. घर सोडायच्या आधीची संध्याकाळ होती. दादा एक ओलं कोकरू छातीशी धरून माझ्याकडे आला. "बाळू, ह्ये कुणाचं रं?" मला ठाऊक होतं. कान फाटलेल्या मेंढीचं. मी म्हणालो, "तुला ठावं न्हाई व्हय? नाटकं नको करू." त्यानं ते भलत्याच मेंढीला लावलं. मेंढीनं ढुशी मारली. दादानं कोकरू उचललं आणि पुन्हा माझ्याकडे बघत उभा राहिला. मी तोंड फिरवलं.

गेल्या माघात राजुरीला गेलो. दादा अंगणात लसूण सोलत बसला होता. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं, त्या संध्याकाळचंही सांगितलं. त्याच्या हातातलं काम थांबलं नाही. सोललेली पाकळी बाजूला टाकत म्हणाला, "मला बी तसंच वाटायचं."

"कसं?"

"की मी मुद्दामच करतूय. तू शिकल्याला. तू म्हणला, म्हंजी करत आसंन." मग म्हणाला, "आता मला एकट्याला काय सांगतूस? ऱ्हायलेल्यांना सांग. तवा समद्यांना सांगत हिंडलास."

देवाच्या जेवणाला भावकी जमली तेव्हा, पंगत बसायच्या आधी, मी उभा राहून सांगितलं. आमचा चुलतभाऊ रंगा म्हणाला, "अण्णा, आमी इतकी वर्सं ह्याला नावं ठिवली, त्याचं काय?" मी म्हणालो, ती माझ्या नावावर घाला. तेवढ्यात दादाच म्हणाला, "जेवा आता. रस्सा गार व्हतूय." पण जेवण झाल्यावर रंगानं त्याला हात धरून आपल्या मेंढरांत नेलं. एक मेंढी खात नव्हती, तिला काय झालंय ते बघ म्हणाला. बाकीचे मेंढके मागोमाग गेले. मी ओट्यावर बसून बघत होतो. बोलत होता तो दादाच.

भोसरीत माझा फ्लॅट आहे, औषधाचा डबा आहे, नातवंडं आहेत. तिथं मी सुखात आहे आणि तिथंच राहणार. पण माझ्या शब्दावर माणसं डोळे झाकून विश्वास ठेवतात ती राजुरीत, आणि घर म्हणायचं तर मी त्यालाच म्हणतो. त्या विश्वासावरच मी भावाचं नाव घालवलं. आता कुणी ती जुनी हकीकत सांगताना तुम्हाला भेटला, भोसरीत भेटो की दुबईत, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. सांगा, बाळूअण्णा स्वतः म्हणालेत, सोपान आजारी होता.