पिवळी शिडी

ती पिवळी शिडी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत चाकू पाहिले, गावठी कट्टे पाहिले. पण एका शिडीने जेवढं शिकवलं, तेवढं त्यांनी शिकवलं नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही मूळचे साताऱ्याचे. वडील फौजेत होते, त्यांच्या बदलीने जयपूरला आलो आणि मी तिथल्याच पोलिसात भरती झालो. तेव्हा सीकर रस्त्यावरचं एक ठाणं माझ्याकडे होतं. मुरलीपुऱ्यात वीज खात्याचा एक लाइनमन खांबावर चढत असताना शिडी मधोमध मोडली. पाय मोडून, कंबर दुखावून तो इस्पितळात पडला. शिडी काचेच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून बनवलेली होती. विजेचा धक्का बसू नये म्हणून खात्याने ती नुकतीच घेतली होती.

खाली शिडी धरायला त्याचा जोडीदार होता. दोघांची घरं शेजारी, मधल्या भिंतीवरून भांडण आणि बोलणं बंद. तरी कामावर एक चढायचा, दुसरा धरायचा. शिडी जोडीदाराच्या अंगणात ठेवलेली असायची. एक शेजारी ठाण्यात येऊन माझ्या कानाला लागला, "साहब, परसों उसके आँगन में आरी चल रही थी." आरी म्हणजे आपली करवत. जखमीनेही जबाबात जोडीदाराचंच नाव घेतलं.

आमच्या हेड कॉन्स्टेबलने मोडलेलं टोक माझ्यापुढे धरलं. "देखिए साहब, कैसा सपाट है! ऐसी पुरानी सीढ़ी टूटी थी तो कूँची जैसे रेशे निकले थे. ये टूटी नहीं, काटी गई है." बोलणं बिनतोड होतं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं असतं आणि त्या माणसाची नोकरी, संसार, सगळं धुळीला मिळालं असतं.

मी त्याला समोर बसवलं. आरी कशाला चालवलीस, विचारलं. कूलरची लाकडी चौकट केली म्हणाला. चौकट अंगणात होती, आरीच्या दातांत लाकडाचा भुसा होता, पिवळा कण एकही नाही. पण आरी पुसता येते, एवढ्याने मी कुणाला सोडत नाही.

मग त्याचे तळवे पाहिले. काचेची कुसळं खोल रुतली होती, हात सुजले होते. "छोड़ी क्यों नहीं?" मी विचारलं. तो चिडला. "ऊपर आदमी था साहब! छोड़ देता?" शिडी मोडणार हे ठाऊक असलेला माणूस आधी हात काढून घेतो. माझं मन तिथेच ठरलं. मात्र मन कोर्टात चालत नाही, तिथे पुरावा लागतो.

महाराष्ट्र मंडळात आमच्या ओळखीच्या एक वहिनी होत्या. यजमान बँकेत, त्या स्वतः इंजिनिअरिंग कॉलेजात अशा धागा-रेझिनच्या वस्तूंचाच विषय शिकवायच्या. पंचनामा करून, खात्याकडे पडून असलेल्या त्या जुन्या मोडक्या शिडीचा आणि या नव्या शिडीचा असे दोन तुकडे त्यांच्याकडे नेले. त्यांनी दोन्ही भट्टीत ठेवले. रेझिन जळून गेलं आणि काचेचे पांढरे धागे उरले. जुन्या तुकड्यात ते उभे होते, शिडीच्या लांबीने. नव्यात सगळे आडवे!

"भाऊजी, बांबू उभा चिरताना कसा सरळ चिरतो? आडवा तोडायला मात्र कोयता लागतो," वहिनी म्हणाल्या. "सगळा जोर धाग्याच्या लांबीत असतो. इथे धागे आडवे घातलेत, म्हणजे माणसाचा भार नुसत्या रेझिनवर. धाग्यांच्या मधूनच फाटली, कुंच्यासारखे धागे कुठून निघणार? आरीबिरी काही नाही हो, ही जन्मतःच मोडलेली होती."

तसाच विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या कारखान्यात गेलो. फोरमन तोऱ्यात म्हणाला, "माल एक नंबर है साहब." माझी नजर कापड कापायच्या टेबलावर गेली. ते चांगलंच आखूड होतं.

"इस पर सीढ़ी जितनी लंबी पट्टी कैसे काटते हो?" मी विचारलं.

"पुरानी शेड में लंबी मेज थी. यहाँ जगह नहीं, तो थान की चौड़ाई में काटकर जोड़ देते हैं." त्या थानात, म्हणजे ताग्यात, सगळे धागे लांबीनेच धावत होते; रुंदीत कापले की शिडीत ते आडवे पडणारच. मग फोरमन खांदे उडवून म्हणाला, "कपड़ा तो वही है न साहब, आड़ा हो या सीधा!"

वर पिवळ्या रंगाचा जाड थर, त्यामुळे आतलं कुणाला दिसलं नाही. वहिनींचा लेखी अहवाल जोडला, मालक आणि फोरमनवर निष्काळजीपणाचा गुन्हा लावला, त्या घडणीच्या सगळ्या शिड्या परत मागवल्या. जोडीदाराला सन्मानाने घरी पाठवलं.

जखमीला मी स्वतः इस्पितळात जाऊन सांगितलं. जोडीदाराच्या तळव्यांचंही सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून रडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मोडलेली जागा पाहून कुणी मोडलं हे ठरवू नये. ती वस्तू कशाच्या जोरावर उभी होती ते आधी पाहावं. पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला मी हेच सांगत आलो.

नंतर एकदा मुरलीपुऱ्यातून जीपने जाताना खांबाला लावलेली शिडी दिसली. या वेळी वर जोडीदार चढला होता. एक पाय ओढत चालणारा तो लाइनमन खाली उभा राहून, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, वर बघत होता. मी हाक मारली, पण त्याने मान वळवली नाही. वर माणूस होता.