झालं म्हणणारी माणसं

वहिनीसाठी तू काय केलंस, असं कुणी विचारलं की माझा धाकटा भाचा मोबाइल पुढे करतो. मी त्याची सख्खी आत्या, त्याला अंगाखांद्यावर खेळवलेली. तरी सांगते, तो मोबाइल हिसकावून खिडकीबाहेर भिरकावावा असं मला वाटतं.

ही गोष्ट सूनबाईची. सून दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. पण मला मूलबाळ नाही, तेव्हा सासूपणाची हौस मी तिच्यावरच भागवून घेतली. तिने ते कधी मनावर घेतलं नाही, म्हणून आमचं जमतं. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कटिंगला आहे. कापडाचे थरावर थर रचायचे आणि विजेच्या कातरीने एकदम कापायचे. रेघ सुटली की अख्खा थर वाया. घरी भाजी चिरते तीही इतकी एकसारखी, की तिचा नवरा, आमचा थोरला, विचारतो, "पट्टी लावून चिरलीस का गं?"

दादाला झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. सूनबाईने बिनपगारी रजा टाकली. थोरला मालट्रक चालवतो, आठवड्याचे निम्मे दिवस रस्त्यावर. दादाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. भाची लग्न होऊन लांब गेलेली. धाकटा दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्या नोकरीत. माझे गुडघे हे असे, मी फार तर शेजारी बसून बडबड करणार. मग उरलं कोण, ते सांगायला नको. पडून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दादाच्या पाठीवर साधा लाल डागसुद्धा नव्हता.

एका रविवारी धाकटा आला. बापाच्या पायाशी खुर्ची टाकून त्याने लॅपटॉप उघडला. "वहिनी, कामं सांग एकेक. मी बॉट बनवतो, तो सगळ्यांना आठवण करून देईल. तुझ्या एकटीच्या डोक्याला ताप नको." ती दादाखालची चादर काढता काढता सांगत होती, कूस बदलणं, पाठीला मलम, लघवीची पिशवी रिकामी करणं. चादर ओढायला आणखी एक हात हवा होता. तो काही त्याने दिला नाही, कारण त्याचे दोन्ही हात टायपिंगमध्ये अडकले होते.

संध्याकाळपर्यंत घरच्या ग्रुपमध्ये 'सोबती' हजर. वेळ झाली की सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम निरोप यायचा, 'बाबांची कूस बदलायची वेळ झाली.' खाली बटण, 'झालं'. कुणीतरी ते दाबेपर्यंत टिणटिण चालूच. दाबलं की 'शाबास!' म्हणून सोबती चिडीचूप.

पुढे काय झालं ते ऐका. निरोप यायचा तेव्हा सूनबाईचा एक हात दादाच्या खांद्याखाली आणि दुसरा कमरेखाली असायचा. तिचा मोबाइल स्वयंपाकघरात ओट्यावर. तिकडे धाकटा मीटिंगमध्ये, टिणटिण नको म्हणून 'झालं' दाबून मोकळा. भाची लेकीला निजवत असायची, तीही दाबायची. थोरला डिझेल भरायला थांबला की दाबायचा. वहिनी आहे ना, तिने केलंच असणार! ती हात धुऊन येईपर्यंत बटण गायब आणि शाबासकी वाटून संपलेली. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण शेळ्या वळल्याचं बक्षीसही स्वतःच घेणारे मी आमच्याच घरात पाहिले.

महिना संपला तसा सोबतीने ग्रुपवर तक्ता टाकला, कुणी किती कामं केली त्याचा. पहिला नंबर धाकटा. मग भाची. मग थोरला. सूनबाईच्या नावापुढे शून्य.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूनबाईने मात्र मोबाइल बाजूला ठेवला आणि दादाची कूस बदलली. तिला त्याच दिवशी कारखान्यातून फोन आला होता, सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला देऊ. त्या संध्याकाळी सगळे फोनवर एकत्र आले तेव्हा ती म्हणाली, "मला कामावर जायचंय. दिवसा एखादी बाई ठेवू, नाहीतर पाळ्या लावू."

"पण गरज काय वहिनी?" धाकटा म्हणाला. "तक्ता बघ ना. एकही काम चुकलेलं नाही. चांगलं चाललेलं कशाला बिघडवायचं?"

"मी करतेय म्हणून चाललंय."

"हो, पण नोंदीत तसं दिसत नाही ना."

थोरल्याला नेमकं तेव्हाच डिझेल भरायचं आठवलं. नवरा असून! मग मीच फोन ओढून घेतला. "अरे शहाण्या, नोंद तुझी खरी ना? मग सोमवारी ये आणि त्या सोबतीला घेऊन बापाजवळ बस. ही कामाला जाईल."

तो हसला. "येतो की. तिथूनच काम करेन."

आला. सोमवारी सकाळी पलंगाला लागून खुर्ची, मांडीवर लॅपटॉप. सूनबाईने मलम, टॉवेल, उशा हाताशी लावून दिल्या आणि पर्स खांद्याला अडकवून ती दारात चपला घालू लागली. मी खिडकीपाशी बसले होते.

टिणटिण वाजली. धाकट्याने लॅपटॉपवरची नजर हलवलीसुद्धा नाही. त्याचा अंगठा मोबाइलकडे गेला आणि त्याने दाबलं, 'झालं'.

आमच्या तिघांच्याही मोबाइलवर शाबासकी वाजली. बाप हातभर अंतरावर पडलेला, डोळे उघडे, त्याच्याकडेच बघत. माझ्या तोंडात शिवी आली होती. पण त्याआधी दादाने चांगला असलेला डावा हात उचलला आणि मुलाची बाही धरली. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

"तसाच," दादा म्हणाला. "मी... तसाच आहे."

सूनबाई चप्पल काढून आत यायला निघाली.

"तू जा," मी ओरडले. "उशीर होईल. जा!"

चप्पल पुन्हा पायात सरकवून ती गेली. जिन्यात तिची पावलं ऐकू येत होती. धाकट्याने लॅपटॉप जमिनीवर ठेवला, पलंगावर वाकला आणि दोन्ही हात तसेच हवेत धरून माझ्याकडे बघू लागला.

"आत्या, हात कुठे घालायचा असतो?"

"मला काय विचारतोस? बापाला विचार. पाठ त्याची आहे."