इंग्लिश डिफेंडर आणि त्याची आगाऊ दुभाषी

दुभाष्याकडे किस्से दोन्ही बाजूंनी येतात. एक इकडून, एक तिकडून, आणि मध्ये उभं राहून आपण स्वतः जे घालून ठेवतो ते वेगळेच! मी जपानमधल्या एका छोट्या फुटबॉल क्लबात एका इंग्लिश मॅनेजरची दुभाषी होते. जेमतेम एक सीझन. पण तेवढ्यात इतके किस्से साठले, की घरी कोणी जेवायला आलं की आईच म्हणते, "गार्गी, तो डब्याचा सांग ना!" डब्याचा मी सांगते. शेवटचा मात्र सहसा सांगत नाही. आज सांगते.

* * *

बाबा त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत, त्यामुळे माझा जन्म तिथलाच आणि प्राथमिक शाळा जपानी. बारा वर्षांची झाले तशी इंग्लंडला मावशीकडे गेले. पुढची शाळा आणि कॉलेज तिकडे. भूकंप होऊन समुद्र गावांमध्ये घुसला तेव्हा मी टीव्हीसमोर बसून रडत होते आणि मैत्रिणींना सांगत होते, की हा किनारा आमच्या घरापासून तासाभरावर आहे. दोन वर्षांनी डिग्री हातात पडली आणि मी परत आले, त्याच किनाऱ्यावरच्या एका गावाच्या क्लबात दुभाषी म्हणून.

मला वाटलं होतं, मोडून पडलेलं एक गाव असेल, गावाची एक टीम असेल, टीमसाठी इंग्लंडहून कोणी विचारवंत मॅनेजर आलेला असेल, आणि त्याचे धगधगते शब्द मी लोकांपर्यंत पोचवेन. गाव उभं राहील!

प्रत्यक्षात गाव झाडूनपुसून लख्ख होतं. सरावाच्या मैदानाच्या अर्ध्या भागात सरकारने बांधलेली तात्पुरती घरं होती. आणि विमानतळावर माझ्यासमोर होता सव्वासहा फुटांचा, दोनदा नाक मोडलेला कॉलिन. तिथल्याच दुकानातला भाताचा त्रिकोणी गोळा तो प्लास्टिकसकट चावत होता.

"तुमचं फुटबॉलचं तत्त्वज्ञान काय?" मी गाडीत वही उघडून विचारलं.

त्याने विचार केला. मध्ये एक टोलनाका गेला.

"बॉल आला की डोक्याने बाहेर काढायचा."

"आणि मग?"

"मग तो परत येतो. परत काढायचा."

वहीच्या त्या पानावर अजून एवढंच लिहिलेलं आहे.

* * *

दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद. पत्रकार तीन. त्यातला एक क्लबच्या अध्यक्षांचा भाचा.

त्याआधी क्लबच्या ऑफिसचे प्रमुख ओगावा-सान यांनी मला बाजूला घेतलं होतं. "गार्गी-सान, करार डिसेंबरपर्यंतच आहे. गावाला माणूस आवडला तर राहील. आधीचे दोघं नाही आवडले."

पहिलाच प्रश्न आला : "इतक्या लांब, आमच्याच गावात का आलात?"

कॉलिन म्हणाला, "यांनी फोन केला."

तीन पेनं माझ्याकडे वळली. अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. आता 'यांनी फोन केला' असं सांगायचं? या लोकांना? इतकं सोसून बसलेल्यांना?

मी दीड मिनिट बोलले. इंग्लंडमधल्या टीव्हीवर त्याने हे गाव कसं पाहिलं, चिखलातून फुटबॉल शोधून काढणारी मुलं कशी पाहिली, आणि त्याला झोप कशी लागेना. सगळं खरंच होतं. फक्त ते माझं होतं, त्याचं नव्हतं.

अध्यक्षांनी रुमाल काढला. कॉलिन माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "जपानी भाषा फार लांब आहे, नाही?"

* * *

रविवारी जेवताना हे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबांनी घास तसाच हातात धरला.

"अगं, तू काय आहेस तिथे? थर्मामीटर. थर्मामीटरला ताप येता कामा नये!"

"अहो, पण लोकांना बरं वाटलं ना?" आई म्हणाली.

"थर्मामीटरने ताप कमी दाखवला तरी पेशंटला बरं वाटतं."

मी म्हटलं, "बाबा, माणसं म्हणजे तुमची लॅब नाही."

ते म्हणाले, "आमटी वाढ."

* * *

खेळाडूंना त्याच्या करिअरबद्दल फार कुतूहल होतं. खेळाडू म्हणजे सकाळी माशांच्या कारखान्यात काम करून दुपारी सरावाला येणारी माणसं. इंग्लंडमध्ये खेळलेला मनुष्य त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिला होता.

कॉलिनचं करिअर तसं सांगायला सोपं. सतरा सीझन डिफेंडर, सगळे खालच्या डिव्हिजनमध्ये. जन्मात तीन गोल. त्यातला एक पाठीला लागून गेलेला. मग मॅनेजर. पहिला क्लब वर चढवला, दुसऱ्याने काढून टाकलं. तेही पार्किंगमध्ये, तो गाडीतून बूट काढत असताना.

"मग तुम्ही काय केलंत?" गोलकीपरने विचारलं.

"बूट परत गाडीत ठेवले."

हे मी भाषांतरात 'अपमान पचवून तो ताठ मानेने निघाला' असं केलं. गोलकीपरने उठून वाकून नमस्कार केला. कॉलिन गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "बुटांना?"

* * *

आता डब्याचा.

जपानमध्ये मॅच झाली की सगळे गोल करून बसतात आणि आपापल्या चुका सांगतात. हरलो तर सांगतातच, जिंकलो तरी! आम्ही तीन-शून्य जिंकलो होतो. कॉलिन गाणं गुणगुणत आत आला, आणि बघतो तर बावीस माणसं माना खाली घालून बसलेली.

"आपण हरलो का?" त्याने मला विचारलं.

तिन्ही गोल केलेला मुलगा म्हणाला की त्याने चौथा घालवला, माफ करा. गोलकीपर म्हणाला की त्याच्याकडे एकही बॉल आला नाही, त्यामुळे त्याचं लक्ष भरकटलं, माफ करा. फिरत फिरत पाळी कॉलिनवर आली. मॅनेजरला तिथे 'कान्तोकु' म्हणतात. बावीस जण कान्तोकुंची चूक ऐकायला थांबले.

कॉलिनने बराच वेळ डोकं खाजवलं. "दुपारी मी दोन डबे खाल्ले. एक माझा नव्हता."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता तरी हसतील!

कोणी हसलं नाही. कोपऱ्यातून कपडे-बूट सांभाळणारे ओकादा-सान उठले. सत्तरीचे गृहस्थ. तेव्हापासून ते उपाशीच होते. कमरेत वाकून म्हणाले, "डब्यावर नाव लिहिलं नाही, ही माझी चूक. यापुढे असं होणार नाही."

* * *

कॉलिनला बचावाची रचना बदलायची होती. त्यासाठी बैठक ठरली. तो आदल्या दिवशी चित्रं काढून बसला, आणि बैठकीत आयुष्यातलं सर्वांत लांब भाषण त्याने केलं : चार मिनिटं. सगळे माना डोलवत होते.

बाहेर आल्यावर तो खूश. "पटलं त्यांना!"

ओगावा-सान नम्रपणे म्हणाले, "हो, गुरुवारीच पटलं होतं. मी सगळ्यांच्या घरी जाऊन एकेकाला विचारून आलो होतो."

"मग आजची बैठक कशाला होती?"

ओगावा-सान माझ्याकडे बघायला लागले. हा काय प्रश्न झाला! बैठकीत निर्णय घेत नाहीत, बैठकीत निर्णयाला नमस्कार करतात. हे कॉलिनला इंग्रजीत कसं सांगायचं ते मला कळेना. आणि खरं सांगू, यात शहाणं कोण, तेही कळेना. इंग्लंडमध्ये मी शिकले होते की माणसाने तोंडावर स्पष्ट बोलावं. इथे स्पष्ट बोललेलं शेवटी येत होतं, पानात आधी वाढायचं राहून गेलेल्या मिठासारखं.

* * *

कॅप्टन होता निशिदा-सान. चौतीस वर्षांचा, डिफेंडर, फारसा न बोलणारा. ऑक्टोबरात आमची सलग चार वेळा हार झाली, करार डिसेंबरला संपत होता, आणि ओगावा-सान मला भेटल्यावर हवेबद्दल बोलायला लागले होते. म्हणजे लक्षण ठीक नव्हतं.

सरावानंतर निशिदा-सानने विचारलं, "कान्तोकु, तुम्ही एकदा एका फार मोठ्या स्ट्रायकरला नव्वद मिनिटं रोखलंत म्हणे. कसं?"

कॉलिन म्हणाला, "त्याच्यापुढे उभा राहिलो."

एवढंच! टीम बुडत होती, माझा माणूस परत जायची वेळ आली होती, आणि हा म्हणतो, उभा राहिलो!

मी म्हटलं, "डिफेंडर म्हणजे गावाची भिंत. भिंतीला दुखत नाही. भिंत खाली बसत नाही. ती बसली तर तिच्या मागचं सगळं जातं."

माझ्याच अंगावर काटा आला. मग समोरच्या माना खाली गेलेल्या पाहिल्या, आणि आपण कोणत्या गावात उभ्या आहोत ते मला आठवलं. लाटा अडवायला बांधलेली समुद्राची भिंत इथलीच पडली होती. निशिदा-सानचं घर तिच्याच मागे होतं. आता तो आईबरोबर मैदानाकडेच्या तात्पुरत्या घरात राहत होता.

तो वाकला. "हाय," म्हणाला. म्हणजे हो.

म्हणून मी समजले, लागू पडलं!

* * *

पुढच्या मॅचला बाराव्या मिनिटाला त्याचा घोटा मुरगळला. फिजिओ धावत गेला. निशिदा-सानने हाताने परत पाठवलं. अर्ध्या वेळेला कॉलिनने बूट काढायला सांगितलं. तो म्हणाला, काही नाही. शून्य-शून्य बरोबरी झाली. आम्हाला हवा होता तो एक पॉइंट मिळाला. मग बूट कापून काढावा लागला.

घोट्याचं हाड मोडलं होतं आणि तो मोडलेल्या हाडावर पळत राहिला होता. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या सीझनचं आत्ता बोलू नका."

कॉलिन लाल झाला होता. "विचार त्याला, बाहेर का नाही आला? बाकावर दोघं बसले होते!"

मी विचारलं. निशिदा-सान पलंगावरून शांतपणे म्हणाला, "कान्तोकुंनीच सांगितलं होतं. भिंत बसत नाही."

"काय म्हणाला?"

मी शब्दाला शब्द सांगितला. वर्षात दुसऱ्यांदा.

"असं कोण म्हणालं त्याला?"

"तुम्ही."

"मी?"

* * *

परतताना गाडीत मी सगळं सांगितलं. पत्रकार परिषदेपासून. चिखलातली मुलं, ताठ मान, भिंत. एका दुकानाशी गाडी थांबवून कॉलिनने कॉफीचे दोन कॅन आणले.

"म्हणजे वर्षभर मी असं बोलतोय?"

"हो."

"बरा माणूस दिसतो. मीही खेळलो असतो त्याच्यासाठी."

मला रडू फुटलं. त्याने कॅन हातात फिरवला. "पण तो काही निशिदाचा घोटा बघायला येणार नाही. मलाच जावं लागणार."

"मी उद्या राजीनामा देते."

"उद्या तू माझ्याबरोबर येतेयस. मला पाट्या वाचता येत नाहीत."

* * *

ओगावा-सानना मी रात्रीच फोन करून सगळं सांगितलं होतं. सकाळी ते क्लबच्या दारातच उभे होते, हातात मिठाईचा खोका. लाल डाळीची घट्ट वडी असते, योकान म्हणतात, ती. कॉलिनने खोका हातात घेतला आणि खांदा वाकवला. "वीट आहे का आत?"

"माफीची मिठाई जड लागते," ओगावा-सान म्हणाले. "हलकी नेली तर चूक हलकी वाटते. आणि आधी तुम्ही वाकायचं, मग गार्गी-सान."

"पण मी काय केलंय?"

"तुम्ही तिचे वरिष्ठ आहात."

कॉलिनने यावर विचार केला. "आमच्याकडे वरिष्ठ मागे उभा राहतो आणि मला पुढे ढकलतो," म्हणाला, आणि निघाला.

निशिदा-सानच्या आईने दार उघडलं. कॉलिनचं डोकं चौकटीला आपटलं. आत एकच खोली, खाली चटया, आणि भिंतीला टेकून, प्लास्टरमधला पाय लांब करून बसलेला निशिदा-सान. कॉलिन वाकला. त्याच्या मागे मी गुडघ्यांवर बसून, कपाळ जमिनीला लावून सांगितलं की ते शब्द माझे होते. यांनी फक्त 'उभा राहिलो' म्हटलं होतं.

निशिदा-सानने माझ्याकडे बघितलं.

"तेवढेच? की सगळे?"

"जवळजवळ सगळे."

त्याच्या आईने चहा ठेवला.

मग कॉलिन जमिनीवर बसायला लागला. एवढा मोठा माणूस, त्याला मांडी घालता येईना. शेवटी तोही पाय लांब करून बसला, निशिदा-सानच्या शेजारी, त्याच भिंतीला टेकून. आणि बोलायला लागला. इंग्रजीत, त्याच्याचकडे बघून, हळू. वर्षभरात मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मध्येच त्याने मोजा काढला. घोटा एका बाजूने नारळासारखा फुगलेला होता, वर शिवल्याची जुनी खूण. निशिदा-सान पुढे वाकला. त्याने त्या खुणेवर बोट ठेवलं आणि जपानीत काहीतरी विचारलं. कॉलिनने मान हलवली आणि इंग्रजीत भलतंच सांगितलं. निशिदा-सान पुन्हा काही म्हणाला. आपला प्लास्टरमधला पाय त्याने दोन्ही हातांनी उचलून कॉलिनच्या पायाशेजारी नेऊन ठेवला.

दोघांचंही मला सगळं कळत होतं. ते दोघं एकमेकांच्या प्रश्नांना उत्तरंच देत नव्हते, तरी बोलणं थांबत नव्हतं.

निशिदा-सानच्या आई माझ्याजवळ सरकल्या. "काय म्हणतायत ते?" त्यांनी हळूच विचारलं.

मी तोंड उघडलं. मग ठरवलं, आज मध्ये पडायचं नाही.

"ते दोघं सांगतील," मी म्हणाले, आणि चहा प्यायले.