केळसकर मास्तरांची बिनमोटरीची वाट

शहापूरच्या शाळेत भूगोल शिकवणारे विष्णू केळसकर यांनी पन्नासच्या दशकाच्या मध्यावर, एका दिवाळीच्या सुट्टीत, मोटरच्या रस्त्यावर सायकल चालवणे बंद केले. सायकल सोडली नाही. सुट्टीच्या दिवशी ते ती हातात धरून बाजारपेठेतून, मग नाशिकच्या हमरस्त्यावरून चालत जात आणि डोळखांबकडची गाडीवाट फुटली की तिथे सायकलवर बसत.

बाजारपेठेतल्या पंक्चरवाल्याला हा नेहमीचा विषय होता.

"मास्तर, सायकलीला फिरवून आणता का? बैल पोळ्याला नेल्यासारखं?"

"रस्ता मोटरचा आहे," मास्तर म्हणत. "तिला सवय नाही."

मी त्या वेळी त्याच शाळेत शिकवत होतो; पुढे वर्तमानपत्रात गेलो. सायकल भाड्याने घेऊन मी त्यांच्याबरोबर अनेकदा गेलो. कारण विचारल्यावर त्यांनी एकदाच नीट सांगितले, "मोटरच्या वाटेवर माणूस रस्ता बघतो. मोकळ्या वाटेवर मुलूख बघतो." अपघात वगैरे काही झालेला नव्हता. ते चालवतही सावकाश. मध्येच थांबत, कुठला डोंगर कुठून कसा दिसतो ते पाहत आणि पुन्हा निघत. डोळखांबहून पाड्यापाड्यांतून, नदी ओलांडून, मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्यापर्यंत जाणारी वाट त्यांची सर्वांत आवडती. तिच्यावर मोटर कधीच आली नव्हती.

ही वाट वर्षभर नसे. पावसाळ्यात ती भाताच्या खाचरांखाली असे. कापणी झाली की शेतकरी बांधाला जागोजाग खिंडी पाडत, त्यांतून बैलगाड्या जात आणि महिन्याभरात चाकोरी पडे. पेरणीआधी खिंडी पुन्हा बुजवल्या जात. मास्तरांचा हंगाम तेवढाच.

पहिल्या वर्षी ते खाकी अर्ध्या चड्डीत गेले. मीही होतो. नदीच्या अलीकडच्या पाड्यात शिरलो तेव्हा चुली पेटलेल्या होत्या आणि माणूस एकही नव्हता. खाकी कपड्यांतला सायकलवाला म्हणजे जंगल खात्याचा शिपाई, असे समजून सगळे लाकूडफाट्यासकट रानात पळाले होते. वाट नेमकी झोडणीच्या खळ्यावरून जात होती. मास्तर उतरले, चपला काढून हातात घेतल्या, सायकल खांद्यावर टाकली आणि सारवलेल्या खळ्याला बाहेरून वळसा घातला. करवंदीच्या जाळीमागून हसण्याचा आवाज आला. पाठोपाठ एक बुटका, काळासावळा माणूस बाहेर आला.

"सायकल तुमच्यावर बसली का तुमी सायकलीवर?"

हा धर्मा. त्याने सांगितले, शिपाई खळ्यावरून बूट घालून जातो. हा माणूस तसा गेला नाही, म्हणून आपण बाहेर आलो.

"काम काय काढलंत?"

"काम नाही. फिरायला आलो."

"फिरायला? गाय हरवली का?"

"नाही."

"सासरवाडी हाय इकडं?"

"तीही नाही."

धर्माने मागे वळून रानाकडे हाक दिली, "या रे समदे! येडा हाय, शिपाय नाय!"

पुढच्या खेपेपासून मास्तर धोतर नेसून जाऊ लागले. धर्माच्या ओट्यावर नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि तासभर गप्पा हा नेम झाला. मोकळ्या खाचरात त्यांनी धर्माला सायकल शिकवली. तो पडला की पाड्यातल्या बायका ओरडत, "धर्मा, नांगर बरा रे!" आणि मास्तर गंभीरपणे म्हणत, "समोर बघा. चाकाकडे बघू नका. चाक आपलं येतं."

तीन-चार हंगाम असे गेले. मग एका मार्गशीर्षात आम्ही पोचलो तेव्हा धर्मा ओट्यावरून उठला नाही. पावसाळ्यात त्याची सून अडली होती. तिला झोळीत घालून चार माणसे बांधाबांधाने डोळखांबला निघाली. बांध निसरडे, ओहोळ भरलेले.

"सून वाचली," धर्मा म्हणाला. "पोर नाय वाचलं."

मास्तर त्याच्या शेजारी ओट्यावर बसले. धर्मा पुढे म्हणाला, "तुमी हिवाळ्यात येता, मास्तर. तुमाला वाट बरी दिसते. आमाला मोटर पायजे."

परतताना मास्तर थेट डोळखांबला उतरले. तिथे पाणी पिताना म्हणाले, "बरोबर बोलला." त्या दिवशी ते कुठेही डोंगर पाहायला थांबले नाहीत.

त्यानंतर वर्षभरात रस्त्याची आखणी करायला बांधकाम खात्याचा ओव्हरसियर आला. त्याच्यासमोर दोन वाटा होत्या. वरची डोंगराच्या कडेने जाणारी. ती लाकूड ठेकेदाराच्या गाड्यांची, जमीन कठीण, बांधकाम कमी. खालची पाड्यांतून जाणारी. तिच्यावर जागोजाग ओहोळांवर मोऱ्या बांधाव्या लागणार होत्या. दोन्ही वाटा माहीत असलेले म्हणून डोळखांबच्या सरपंचांनी मास्तरांना बैठकीला बोलावले. मी त्यांच्याबरोबर होतो.

ठेकेदाराच्या मुनिमाने गोड आवाजात विषय काढला, "मास्तर, खालची तर तुमची फिरायची वाट. तिथं मोटर आली तर तुम्ही जाणार कुठं? ती राहू द्या की तशीच. रस्ता वरून जाऊ दे. सगळ्यांचं भलं."

बैठकीत हशा झाला. मास्तरांचा नियम सगळ्या तालुक्याला माहीत होता. धर्मा दाराशी उकिडवा बसला होता. तो हसला नाही. मास्तरांकडे बघत राहिला.

मास्तरांनी उपरण्याने चष्मा पुसला. पुसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"मी तिथे सुट्टीला जातो," ते म्हणाले. "ते तिथे राहतात. रस्ता खालून न्या." मग ओव्हरसियरकडे वळून म्हणाले, "श्रावणात या. मी वाट दाखवतो. आत्ता दिसणार नाही."

श्रावणात ओव्हरसियर आला. मास्तर, तो आणि धर्मा बांधांवरून पाड्यापर्यंत चालत गेले. ओव्हरसियर दोनदा खाचरात पडला. दुसऱ्यांदा त्याला वर ओढताना धर्मा म्हणाला, "सायेब, तुमी तर रिकामे हाव. आमच्या खांद्यावर झोळी होती."

आखणी खालून झाली. तिच्यात मास्तरांच्या शब्दाचा वाटा किती, हे मला नक्की सांगता येत नाही. ओव्हरसियरने खालची वाट पावसात पायी पाहिली होती, एवढे नक्की.

साठ साल उलटल्यानंतर काही वर्षांनी त्या रस्त्यावरून पहिली सर्व्हिस मोटर गेली. शेवटचा थांबा नदीच्या अलीकडे, धर्माच्या पाड्यात. मास्तरांना पुढच्या बाकावर बसवले होते. टपावर त्यांची सायकल होती. पाड्यात नारळ फुटला, मुले चाकांना हात लावून पाहू लागली. धर्माची सून कडेवर मूल घेऊन उभी होती. धर्मा टपावर चढला आणि सायकल खाली देत म्हणाला, "फुडं कुठं, मास्तर?"

"नदीपलीकडे मोटर नाही ना?"

"नाय अजून."

मास्तरांनी सायकल खांद्यावर घेतली, गुडघाभर पाण्यातून नदी ओलांडली आणि पलीकडच्या काठावर सायकलवर बसून वैशाखऱ्याच्या दिशेने गेले.

पुढचे काही हंगाम ते असेच जात राहिले. अलीकडचा भाग मोटरने, सायकल टपावर. साठचे दशक संपता संपता शहापुरात, राहत्या घरी, अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले. मूलबाळ नव्हते. महिन्याभराने त्यांच्या पत्नीने सायकल त्याच मोटरच्या टपावरून धर्माकडे पाठवली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात बातमीच्या कामासाठी मी जीपने डोळखांबला गेलो होतो. पाड्याकडच्या रस्त्यावर धर्मा भेटला. कॅरिअरला भाताचे पोते बांधलेले होते आणि तो सायकल हातात धरून पायी चालला होता. पंक्चर झाली का, असे मी विचारले.

"नाय," तो म्हणाला. "नदीपलीकडं बसून जातो. ही मोटरची वाट हाय ना."

आमच्या जीपला जागा देण्यासाठी त्याने सायकल रस्त्याच्या कडेला घेतली.