चुकीचा इशारा

हे मी आजवर कुणापुढंच बोललेलो नाही. बायकोपुढंही नाही. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाही माहीत नाही.

मी हिंगोलीत पार्सल पोचवतो. दुचाकीवर, पाठीला मोठी बॅग. कंपनीचा माणूस सहसा दिसत नाही. कुठं जायचं, किती वेळात जायचं, ते मोबाईल सांगतो. उशीर झाला की दुसऱ्या दिवशी काम कमी येतं. का, हे विचारायचं कुणाला?

म्हणून गजानन आणि मी — तो माझा शाळेपासूनचा मित्र, तोही पार्सलवालाच — पुण्याच्या एका संस्थेच्या मदतीनं मोबाईलवर बोलणारी एआय मदतनीस उभी केली. आवाज बाईचा, म्हणून सगळे तिला ताई म्हणायचे. आमची बोली तिला समजायची. रायडरनं तकलीफ बोलून सांगायची, ती नीट मांडून कंपनीकडं अर्ज करायची. तिच्यामुळं कंपनीनं बंद केलेली रायडरांची खाती पुन्हा सुरू झाली. उन्हाळ्यात दुपारची सुट्टी मिळाली, सध्यापुरती का होईना. गजानन खूष होता. आपलं कुणीतरी ऐकून राहिलं, म्हणायचा.

ताईचं आणखी एक काम होतं. सकाळी निघताना प्रत्येकानं तिला तब्येत सांगायची. धोका वाटला तर ती आधी मला कळवायची. मी हो म्हटलं की त्या रायडरचं त्या दिवसाचं काम थांबायचं. ही सोय मीच मागून घेतली होती. कुणी उगाच घरी बसू नये म्हणून, असं मी सांगायचो. खरं कारण? शेवटचा शब्द माझा असावा — एवढंच.

तो मे महिना होता. नांदेडहून कंपनीचे साहेब आले होते. सुट्टी कायम करायची का, ते त्यांच्या हातात होतं. मी त्यांच्यापुढं लॅपटॉप उघडून बसलो होतो. त्यावर ताईची त्या सकाळची यादी, सगळी नावं हिरवी, म्हणजे सगळे ठीक. साहेब म्हणाले, तुम्ही तर आमच्या ऑफिसात पाहिजे होता. मला किती बरं वाटलं — कसं सांगू?

तेवढ्यात गजाननचं नाव लाल झालं. मी त्याचा मेसेज कानाला लावून ऐकला. उलट्या होतायत, डोकं गरगरतंय, पण निघतो, असं म्हणत होता. खाली ताईनं लिहिलं होतं — याला आज उन्हात पाठवू नका, लगेच फोन करा.

काही अडचण आहे का, साहेबांनी विचारलं. मी नाही म्हणालो. आणि — 'चुकीचा इशारा' असं लिहिलेलं बटण दाबलं. नाव पुन्हा हिरवं झालं.

दाबताना कळत नव्हतं का मला? कळत होतं.

सिद्धेश्वरच्या रस्त्याला, धरणाच्या अलीकडं, तो गाडीसकट पडलेला सापडला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

माती देऊन आल्यावर त्याची बायको, सारिका, माझ्याजवळ आली. रडत नव्हती. "भाऊजी," ती म्हणाली, "ताईनं काहून सांगितलं न्हाई?"

"न्हाई सांगितलं," मी म्हणालो. "मशीनच हाय ती."

तोवर मी ताईचा तो इशारा पुसून टाकलेला होता. संस्थेच्या लोकांनाही मी तेच सांगितलं. रायडरांनी एकेक करून ताईला मोबाईलमधून काढून टाकलं. अर्ज थांबले. दुपारची सुट्टीही गेली. त्या सुट्टीसाठी बटण दाबलं, असं मी मनाला सांगून पाहिलं — पण सुट्टीसाठी दाबलं होतं का मी? साहेबांसमोर माझी शोभा होऊ नये म्हणून दाबलं.

आता सारिका पार्सल पोचवते. गजाननचीच गाडी. हे काम तिला मीच लावून दिलं. मित्र असावा तर असा, लोक म्हणतात.

परवा भर दुपारी ती कळमनुरीकडं निघालेली दिसली. चेहरा लालबुंद. थांबून माझ्याकडं पाणी मागितलं. प्यायली, तोंड पुसलं.

"तुमी होते म्हणून निभलं, भाऊजी," ती म्हणाली.

मी बाटली परत घेतली.