चिंचेनं घासलेली राजमाता

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, अकोला, सासूबाईंचं घर. हजर: सासूबाई, माझे यजमान, मी. शिवाय यजमानांच्या डबीतली एक रोमन राजमाता, ब्राँझची, आपल्या रुपयापेक्षा जरा लहान.

यजमान जुनी नाणी जमवतात. दिवाळीनंतरच्या रविवारी अमरावतीला नाण्यांचं प्रदर्शन होतं आणि त्यात त्यांना प्रथमच स्वतःचं टेबल मिळालं होतं. त्या टेबलाचा सगळा भार या बाईवर. आमच्या बंद घरात नको म्हणून ते तिला दिवाळीला सोबत घेऊन आले आणि आंघोळीला जाताना डबी आईच्या हाती दिली.

पूजेच्या ताटात मांडायची नाणी सासूबाई दरवर्षी चिंच-मिठानं घासतात. हिच्यावर तर अंबाडा आणि गळ्यात हार असलेली बाई, म्हणजे लक्ष्मीच. तिला घासून, हळदीकुंकू लावून त्यांनी ताटात मधोमध बसवलं. यजमान बाहेर आले तेव्हा ती तांब्याच्या लोट्यासारखी लखलखत होती.

ते कसेबसे म्हणाले, "आई, किंमत त्या हिरव्या थराला होती. सतराशे वर्षांचा होता तो."

"मंग तं घासाचीच होती," सासूबाई म्हणाल्या. "इतके दिवस कोनी हात नाई लावला तिले?"

यजमान पाटावर बसले. मी व्यवहाराचं बोलले: झालं ते झालं, पूजेनंतर डबीत ठेवू. पण पूजेतली लक्ष्मी घराबाहेर जात नाही, हा सासूबाईंचा नियम. त्यांनी उलट चौकशीच सुरू केली. ही कोण? सम्राटाची आई. मागच्या बाजूला डहाळी घेतलेली कोण? तिकडची देवी. आणि हिचा नवरा? यजमानांनी सांगून टाकलं, की नवऱ्यानं हिला सोडून दुसरी केली. पुढे मुलगा गादीवर आला, त्यानं आईला मान दिला, नाण्यांवर आणलं.

सासूबाईंनी तिचं कुंकू नीट केलं. मग मुलाकडे पाहून म्हणाल्या, "त्यानं मायले नाण्यावर बसवलं. अन् तू तिले डबीत कोंडून राहिला."

शेवटी तोड निघाली. लक्ष्मी एकटी जाणार नाही, त्या स्वतः सोबत येतील. रविवारी त्या टेबलामागे बसल्या आणि येईल त्या बाईला हळदीकुंकू लावून राजमातेची हकिगत सांगू लागल्या. जाणकारांनी चकाकी पाहून नाक मुरडलं. बायकांची गर्दी मात्र हटेना. दुपारपर्यंत यजमान हिरव्या थराचं नावही काढेनासे झाले.

संध्याकाळी राजमाता सासूबाईंच्या बटव्यात बसून अकोल्याला गेली. त्यानंतर आम्ही दोनदा तिकडे जाऊन आलो. दोन्ही वेळा तिच्यावर ताजं झेंडूचं फूल होतं आणि यजमानांनी रिकामी डबी खिशातून काढलीच नाही. "नाणं परत आणणे" माझ्या यादीत आहेच.